खाणीची धूळ, खाडीची हवा आणि एक स्पंज

वाशीच्या मसाला मार्केटमधल्या एका गाळ्यात नेट सारखं जातं, अशी तक्रार होती. गाळ्याच्या पोटमाळ्यावर भिंतीला ठोकलेलं लोखंडी कपाट, आत एक राऊटर, एक स्विच, आणि दारात बसवलेला छोटा पंखा. पंख्यावर जाळी, जाळीमागे स्पंजाचा चौकोनी तुकडा. मी जाळीचे चार स्क्रू काढले, स्पंज ओढला आणि पुढची दहा मिनिटं नुसता शिंकत बसलो. स्पंज मूळचा काळा. हातात आला तो पिवळा, कडेला तांबूस. हळद आणि मिरची. खालून शेठनी हाक मारली, "काय साहेब, सापडला का फॉल्ट?" म्हटलं, "सापडला शेठ. तुमचाच माल आहे."

तेव्हापासून मला फिल्टर वाचायची सवय लागली. नवी मुंबईत कुठला फिल्टर कुठून निघालाय हे रंगावरून निम्मं कळतं. महापे-तुर्भ्याच्या डोंगराकडचा करडा, दगडाच्या पिठीने भरलेला. कंटेनरच्या रस्त्यालगतचा काळपट आणि तेलकट, बोट लावलं की काजळी उतरावी तसा. उलव्याकडे बांधकामं जोरात असताना लालसर माती. आणि खाडीला लागून असलेल्या इमारतींमधला फिल्टर दिसायला फारसा मळलेला नसतो, पण हाताला गिच्च लागतो. हा शेवटचा सगळ्यांत वाईट. का, ते पुढे सांगतो.

आधी राऊटर इतकी हवा आत का ओढतो ते पाहू.

आलेल्या प्रत्येक पॅकेटवरचा, म्हणजे माहितीच्या छोट्या पुडक्यावरचा, पत्ता वाचायचा आणि ते कोणत्या दाराने बाहेर काढायचं ते ठरवायचं, एवढंच राऊटरचं काम. घरातला राऊटर ते चार-पाच दारांवर करतो. ऐरोली-महाप्याच्या डेटा सेंटरमधला मोठा राऊटर शेकडो दारांवर करतो, आणि जगभरच्या पत्त्यांची यादी डोक्यात ठेवून करतो. ती यादी आज नऊ लाख ओळींच्या वर गेली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये ती पाच लाखांच्या पुढच्या एका ठरावीक आकड्यावर पोचली, तेव्हा जुन्या राऊटरांमधली तिच्यासाठी राखलेली जागाच संपली आणि एका दिवसात जगभर कितीतरी ठिकाणचं नेट अडखळलं. यादी ज्या खास मेमरीत ठेवतात ती एकेक ओळ चाचपत बसत नाही, सगळ्या ओळी एकदम ताडून पाहते. म्हणून ती वेगवान, आणि म्हणूनच ती तापते. राऊटर जितकी वीज खातो तितकी जवळजवळ सगळी उष्णता म्हणून बाहेर टाकतो. मिक्सर निदान चटणी तरी वाटतो. राऊटरमध्ये वीज जाते आणि ऊब येते, बाकी काही वजनदार हलत नाही.

मोठा राऊटर उघडून पाहिला की पहिल्यांदा बघणाऱ्याची थोडी निराशाच होते. पत्र्याचं कपाट, त्याला चेसिस म्हणायचं. पाठीशी किंवा मधोमध एक मोठा बोर्ड, ज्यात बाकी सगळी कार्डं पुस्तकासारखी खोचलेली असतात. कंट्रोल कार्डं दोन: एक कामावर, दुसरं पहिलं पडलं तर. लाइन कार्डांवर फायबरच्या तारा येतात. एका लाइन कार्डावरून दुसऱ्यावर पॅकेट पोचवायला फॅब्रिक कार्डं. खाली किंवा मागे पॉवर सप्लाय. टेलिफोन एक्स्चेंजच्या वळणाची जागा असेल तर उणे ४८ व्होल्ट डीसीवर, नाहीतर आपल्या नेहमीच्या २३० व्होल्टवर. तेही जोडीने, दोन वेगळ्या लाइनींवर. मग फॅन ट्रे, म्हणजे सहा-आठ पंख्यांचा एक खण, चालू मशीनमधून ओढून बदलता येईल असा. आणि हवा आत शिरते त्या तोंडाशी, एका पातळ चौकटीत, एअर फिल्टर.

एवढ्या महागड्या सामानात प्रत्येक गोष्टीला जोडीदार आहे. कंट्रोल कार्ड दोन, पॉवर सप्लाय दोन किंवा चार, पंखे गरजेपेक्षा जास्त. फिल्टर मात्र एकच. तो चोक झाला की दोन्ही कंट्रोल कार्डं एकदमच तापतात.

एक वस्तू या यादीत कुणी धरत नाही, ती म्हणजे डमी. ज्या खाचेत कार्ड नाही तिथे बसवायची कोरी पत्र्याची पट्टी. नवीन कार्ड घालताना ती काढतात, कोपऱ्यात ठेवतात, आणि झाडणारा ती भंगारात देतो. सहा महिन्यांनी कार्ड काढलं की खाच उघडी राहते. हवा आळशी असते, जिथे अडथळा कमी तिथूनच जाते. तापलेल्या कार्डांच्या गर्दीतून जायच्याऐवजी ती या उघड्या खाचेतून आरामात निघून जाते, आणि फिल्टरला वळसाही घालते. मी पाहिलेल्या 'विनाकारण तापतोय' तक्रारींत उघडी खाच ही फिल्टरच्या खालोखाल असायची.

आता हवेचा हिशेब करू. कागद-पेन्सिलीने होण्यासारखा आहे. समजा राऊटर तीन किलोवॉट वीज घेतो. मोठ्या चेसिसला हे काही विशेष नाही. आत जाणाऱ्या हवेपेक्षा बाहेर पडणारी हवा दहा अंशांनी गरम असू दे. तर ही उष्णता वाहून न्यायला सेकंदाला सुमारे २६० लिटर हवा लागते. दिवसाला साधारण २२ हजार घनमीटर. माणूस दिवसभरात दहा-अकरा घनमीटर हवा श्वासातून आत-बाहेर करतो. म्हणजे हा एक राऊटर दोन हजार माणसांइतका श्वास घेतो, तोही नाकात केस नसताना.

धुळीचंही बघा. देशाच्या २००९ च्या मानकांनुसार हवेतली बारीक धूळ, ज्याला पीएम-१० म्हणतात, चोवीस तासांत घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. बाहेरची हवा बरोबर या मर्यादेवर आहे, एका कणानेही जास्त नाही, असं धरलं तरी आपल्या राऊटरमधून दिवसाला दोन ग्रॅमच्या वर धूळ वाहते. वर्षाला पाऊण किलोहून जास्त. डेटा सेंटरच्या बंद खोलीत हवा आधीच गाळलेली असते आणि तीच तीच फिरते, त्यामुळे तिथे हा आकडा कितीतरी खाली येतो. पण इमारतीच्या जिन्याखालची खोली, बँकेच्या शाखेतलं काचेचं कपाट, कारखान्याच्या ऑफिसातला रॅक, खिडकी उघडी असलेली सोसायटीची मीटर रूम, इथे बाहेरचीच हवा असते.

यातली बरीच धूळ आत येते तशीच बाहेर जाते. थोडी राहते. पण थोडी राहायला वर्षाचे ३६५ दिवस मिळतात.

फिल्टर म्हणजे चाळण, असा बऱ्याच जणांचा समज असतो. म्हणून काही जण त्यावर आपली अक्कल चालवतात: बारीक भोकाची चाळण लावली की धूळ कमी. एका ठिकाणी मी रॅकच्या दाराला मच्छरदाणीचं कापड दुहेरी करून शिवलेलं पाहिलं, काम सुबक होतं, कुणीतरी घरी नेऊन मशीनवर शिवलं असणार. राऊटर आठवड्याभरात तापून ओरडू लागला. राऊटरच्या स्पंजाची भोकं धुळीच्या कणांपेक्षा खूप मोठी असतात. कण वाकड्यातिकड्या वाटेने जाताना धाग्यावर आपटतो आणि चिकटतो, असं ते काम चालतं. जाड कण वळण घेऊ शकत नाहीत म्हणून आपटतात. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात म्हणून आपटतात. मधल्या मापाचे सगळ्यांत जास्त निसटतात. राऊटरवरचा स्पंज मुख्यतः केस, कापसाचे तंतू, किडे आणि जाड धूळ अडवायला आहे. बारीक धूळ अडवणं हे खोलीच्या एसीत किंवा हवा आत घेणाऱ्या यंत्रणेत बसवलेल्या चांगल्या प्रतीच्या फिल्टरचं काम. त्याचं ओझं राऊटरच्या स्पंजावर टाकलं की पंखे दमतात.

गंमत म्हणजे थोडासा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा चांगली धूळ पकडतो, कारण आधी चिकटलेली धूळ पुढच्या धुळीला अडवते. त्या टप्प्यापर्यंत त्याला हात लावायची गरज नसते. पुढे हवेची वाट बंद होऊ लागते आणि तिथून खरी फसवणूक सुरू होते.

कारण राऊटर हुशार असतो. आत ठिकठिकाणी तापमान मोजणारे सेन्सर असतात. हवा कमी पडली, कार्ड तापायला लागलं, की राऊटर पंख्यांचा वेग वाढवतो आणि तापमान पुन्हा जागेवर आणतो. तुम्ही स्क्रीनवर तापमानाचा आलेख बघत बसलात तर महिनोन्‌महिने तो सरळ रेषेत. सगळं छान चाललंय. प्रत्यक्षात पंखे दम लागेपर्यंत पळत असतात. पंख्याचा वेग दीडपट झाला की त्याची विजेची भूक सव्वातीनपटीच्या वर जाते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. बेअरिंग झिजतात, वंगण सुकतं. मग मे महिन्यातल्या एका दुपारी एक पंखा बसतो, उरलेल्यांकडे वाढवायला वेग शिल्लक नसतो, आणि वर्षभर सरळ असलेला आलेख अर्ध्या तासात उभा चढतो. पिवळा अलार्म, लाल अलार्म, आणि शेवटी राऊटर स्वतःला वाचवायला कार्डं बंद करतो. रिपोर्टात लिहिलं जातं, 'फॅन फेल्युअर'. पंख्याला बिचाऱ्याला बोल. म्हणून माझं सांगणं असतं की तापमान बघू नका, पंख्यांचा वेग बघा. एसी तोच, खोली तीच, ट्रॅफिक तेवढंच, आणि पंख्यांचे फेरे दर महिन्याला थोडे थोडे वर सरकतायत, तर फिल्टर तुमच्याशी बोलतोय.

आणि तापमान जरी थोडंसंच वर राहिलं, तरी त्याची किंमत पॉवर सप्लाय भरतो. त्यातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, ती उभी नळकांडी, आतल्या द्रावणावर जगतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. १०५ अंशांना दोन हजार तास टिकेल असा शिक्का असलेला कपॅसिटर ६५ अंशांना ठेवला तर बत्तीस हजार तास, म्हणजे साडेतीन वर्षांच्या वर चालतो. तोच ७५ ला ठेवला तर दोन वर्षंही पुरी होत नाहीत. दहाच अंशांचा फरक, आणि तेवढा फरक एक चोक झालेला स्पंज सहज पाडतो.

आता त्या गिच्च लागणाऱ्या फिल्टरकडे येऊ.

नवी मुंबई डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या पट्टीत वसली आहे. १९७० मध्ये हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली, पण त्याच्या आधीच ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने एमआयडीसीचे रासायनिक कारखाने येऊ लागले होते. एका बाजूला पारसिकचा डोंगर आणि त्यातल्या दगडखाणी. दुसऱ्या बाजूला ठाणे खाडी, तिवरं, चिखल, जुनी मिठागरं. आज जिथे सर्व्हर रचलेत त्या महापे, रबाळे, घणसोली, ऐरोली या गावांचा दिवस शेतीवर आणि खाडीवर चालायचा. डेटा सेंटरवाल्यांना ही जागा आवडली ती जमिनीसाठी, विजेसाठी आणि मुंबईच्या किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्राखालच्या केबलींच्या जवळिकीसाठी. हवेसाठी नक्कीच नाही.

डोंगराची धूळ म्हणजे काळ्या पाषाणाची पिठी. ती राऊटरला तशी फारशी वाईट नाही. ती थर देते, उष्णता अडवते, बेअरिंगमध्ये शिरली तर घासते. पण वीज वाहून नेत नाही. खाडीची धूळ वेगळी. तिच्यात मीठ असतं. आपलं खाण्याचं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते हेच. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते फक्त ३३ टक्क्यांनाच पाणी ओढायला लागतं. एसीच्या खोलीत आर्द्रता ५० टक्के ठेवली, सगळ्यांना वाटलं कोरडं आहे, तरी खाडीची धूळ त्या खोलीत ओलसरच राहते. बोर्डावर दोन बारीक पायांच्या मध्ये असा एक ओला, खारट कण बसला, त्यांच्यात काही व्होल्टांचा फरक असला, की धातू विरघळून एका पायाकडून दुसऱ्याकडे झाडाच्या फांदीसारखा वाढू लागतो. भिंगाखाली ते फार सुंदर दिसतं. मग शॉर्ट होतं, फांदी जळते, राऊटर रीस्टार्ट होतो आणि पुन्हा नीट चालतो. इंजिनिअर येतो तेव्हा फॉल्ट जागेवर नसतो. 'नो फॉल्ट फाउंड' असा शेरा मारून कार्ड परत येतं.

तिवरांच्या चिखलाचा आणि नाल्यांचा वास वाऱ्याबरोबर येतो, तोही मोजावा लागतो. त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. आजीची चांदीची पैंजणं कपाटात पडून काळी होतात, तेच बोर्डावरच्या चांदीचं होतं. २००६ मध्ये युरोपने इलेक्ट्रॉनिक सामानात शिसं वापरण्यावर बंदी आणली. चांगल्या हेतूने आणली. पण मग काही उत्पादकांनी बोर्डाच्या तांब्यावर चांदीचा पातळ मुलामा द्यायला सुरुवात केली, आणि गंधक असलेल्या हवेच्या जागी असे बोर्ड काही महिन्यांतच काळे पडून मरायला लागले. म्हणून आता खोलीत तांब्याची आणि चांदीची पट्टी टांगून ठेवतात आणि महिन्याभरात तिच्यावर किती गंज चढला ते मोजतात. चांदीवर महिन्याला २०० अँगस्ट्रॉमच्या आत, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाहून कमी, तर जागा सौम्य धरायची. वायू स्पंजाने अडत नाही. त्याला कोळशाच्या किंवा परमँगनेटच्या गोळ्यांचे वेगळे फिल्टर लागतात, आणि खाडीकाठी डेटा सेंटर उभं करताना ते धरूनच पैशांचा अंदाज करावा लागतो. राऊटरचा फिल्टर बदलून वायूचा प्रश्न सुटेल असं कुणी सांगत असेल तर त्याला नम्रपणे नमस्कार करा.

आता प्रत्यक्ष फिल्टर काढायचं काम. दिसायला दोन मिनिटांचं, म्हणून ते बहुधा नव्या पोराला देतात.

पहिली गोष्ट: बदली फिल्टर हातात असल्याशिवाय जुना काढू नका. उत्पादकांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की फिल्टरशिवाय मशीन काही मिनिटांच्या वर चालवू नका, आणि इथे धुवून सुकवून परत लावू म्हणणारे दुसऱ्या दिवशीपर्यंत मशीन उघडं ठेवतात. प्रत्येक राऊटरमागे दोन फिल्टर असलेच पाहिजेत. बदली फिल्टर दोन बोटांत चिमटून बघा. पॉलियुरेथेनचा स्पंज वापरला नाही तरी दमट हवेत आपोआप झिजतो. चिमटीत भुसा आला तर तो फेका, नाहीतर तोच भुसा पंख्यातून कार्डांवर जाणार. गोडाऊनमध्ये पाच वर्षं सांभाळून ठेवलेला 'एकदम नवा' फिल्टर मी असा चुरा होताना पाहिलाय.

मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधायचा. फिल्टरच्या चौकटीखाली प्लास्टिकची पिशवी उघडी धरायची. चौकट हळू ओढायची, झटका द्यायचा नाही; झटक्याने धुळीचा थर सुटतो आणि पंखा त्याला आत घेतो, म्हणजे वर्षभर फिल्टरने अडवलेलं सगळं तुम्ही एका सेकंदात मशीनला पाजता. जुना फिल्टर तिथल्या तिथे पिशवीत, पिशवीला गाठ. खोलीत झटकायचा नाही. नवा लावताना बाण बघायचा. स्पंजाला दिशा असते आणि चौकटीवर हवेच्या दिशेचा बाण असतो. तो उलटा लावलेला मी जितक्या वेळा पाहिलाय तितक्या वेळा सरळ पाहिला असेल का, शंका आहे. शेवटी पाच-दहा मिनिटं थांबून पंख्यांचा वेग खाली आला का ते बघायचं. आला नाही, तर धूळ आत कार्डांच्या पंख्यांवर आणि हीटसिंकवर बसलेली आहे आणि शटडाऊन घेऊन साफ करावं लागेल.

धुण्यासारखा फिल्टर असेल, म्हणजे उत्पादकाने तसं सांगितलं असेल, तरच धुवा. साध्या पाण्याने, हवा ज्या बाजूने बाहेर पडते त्या बाजूने पाणी मारून, म्हणजे धूळ आली त्या वाटेने परत जाते. सावलीत वाळवा. जून ते सप्टेंबर इथे हवेत पाणीच इतकं असतं की धुतलेला स्पंज दोन दिवसांनीही आतून ओला निघतो. बाहेरून कोरडा वाटतो. पिळून बघितल्याशिवाय लावू नका. खरं म्हणजे पावसाळ्यात धुऊच नका, नवा लावा. स्पंजाची किंमत एका लाइन कार्डाच्या किमतीच्या मानाने चहाच्या बिलाइतकी आहे, आणि तरी खरेदीच्या कागदावर हीच ओळ आधी खोडली जाते.

ब्लोअर. ब्लोअर मारल्याशिवाय साफसफाई झाली असं आपल्याकडे कुणालाच वाटत नाही. चालू रॅकसमोर उभं राहून ब्लोअर मारणं म्हणजे धूळ एका मशीनमधून शेजारच्या मशीनमध्ये घालणं. वर हवेच्या झोतात पंखे मोकाट फिरतात आणि त्यांची बेअरिंग जातात. ज्या फायबरच्या टोकावरचं झाकण निघालेलं असतं त्याच्यावरही हीच धूळ बसते, आणि फायबरमध्ये प्रकाश जातो तो गाभा जेमतेम नऊ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या हिश्शाचा. एक कण पुरतो. झाडायचं असेल तर मशीन बंद करून, कार्ड बाहेर खुल्या हवेत नेऊन, पंख्याला बोट लावून धरून, मऊ ब्रशने आणि धूळ ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूमने.

कार्ड बाहेर न्यायचं म्हटलं की आणखी एक गोष्ट आठवते. वीस अंशांच्या खोलीतलं कार्ड जुलैच्या हवेत काढलं, बाहेर तीस अंश आणि ८५ टक्के आर्द्रता, तर त्या हवेचा दवबिंदू सत्तावीसच्या आसपास असतो. थंड चष्मा घालून बाहेर पडल्यावर काचा धुरकट होतात तसं कार्ड ओलं होतं. स्टोअरमधून स्पेअर घेऊन स्कूटरवर साइटवर निघालात तर ते पिशवीत बंद ठेवा, आणि पोचल्यावर पिशवीसकट अर्धा तास तसंच पडू द्या. साहेब फोनवर कितीही ओरडला तरी.

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी ज्यांच्याकडे मोठे जनरेटर होते ते निभावले. पण छोट्या ऑफिसांमध्ये, बँकांच्या शाखांमध्ये, केबलवाल्यांच्या खोल्यांमध्ये नेहमीचीच एक गफलत असते: राऊटर यूपीएसवर आणि एसी थेट लाइनवर. वीज गेली की राऊटर चालूच राहतो, तापतच राहतो, आणि थंड करणारं काही उरत नाही. बंद खोलीत तापमान किती चटकन चढतं ते ज्याने पाहिलं नाही त्याचा विश्वास बसत नाही. अशा वेळी लोक दार उघडतात, टेबल फॅन लावतात, आणि बाहेरची सगळी ऑक्टोबरची धूळ आत घेतात. दुसरा उपाय नसतो हेही खरं. पण वीज आल्यावर दार बंद करून विसरू नका. त्या आठवड्यात फिल्टर बघा. अशा एका दुपारी फिल्टर चार महिन्यांची धूळ खातो.

किती दिवसांनी बदलायचा, असं सगळे विचारतात. वार्षिक देखभाल कराराच्या, म्हणजे एएमसीच्या, कागदावर 'तिमाही पीएम' (दर तीन महिन्यांची देखभाल) असं लिहिलेलं असतं आणि तंत्रज्ञ तीन महिन्यांनी येतो, सही घेतो, जातो. उत्पादक दर महिन्याला पाहा म्हणतात, ते बरोबर आहे. पाहायला पैसे लागत नाहीत. बदलायचं वेळापत्रक मात्र आपल्या हवेवरून ठरवावं. माझं नवी मुंबईचं गणित असं: मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा, म्हणजे उन्हाळ्याची सगळी धूळ पावसाच्या ओलाव्याने चिखल व्हायच्या आत निघते. दिवाळीनंतर एकदा, कारण ऑक्टोबरची सुकी धूळ आणि फटाक्यांची राख एकदम येते. शेजारी इमारत पाडत असतील, रस्ता खोदत असतील, तर काम संपेपर्यंत दर महिन्याला. मसाला मार्केटमध्ये शेठला विचारून, मिरचीचा हंगाम कधी ते बघून.

घरातल्या राऊटरला पंखाही नसतो आणि फिल्टरही नसतो. त्याला खाली आणि कडेला फटी असतात, गरम हवा आपसूक वर जाते, थंड खालून येते. आपण काय करतो? तो टीव्हीच्या मागे, फ्रिजवर डॉयलीखाली, किंवा कपाटात बंद करून ठेवतो, कारण तो दिसायला चांगला नाही. ऊब असते म्हणून झुरळं येतात, झुरळांच्या मागे पाल. कोपरखैरण्यातल्या एका घरी राऊटर उघडला तर आत पालीची दोन अंडी होती, पांढरी, गोल, बोर्डाला चिकटलेली. घरातल्या आज्जी म्हणाल्या, "अरे असू दे, नेट चालतंय ना?" चालत होतं. तरी तो भिंतीवर उभा टांगायला लावला, फटी वर-खाली मोकळ्या ठेवून, आणि महिन्यातून एकदा बंद करून कोरड्या फडक्याने पुसायला सांगितलं.

आणि ज्यांच्याकडे फिल्टर आहे त्यांच्यासाठी एकच विनंती. नवा फिल्टर लावाल त्या दिवशी त्याच्या चौकटीवर काळ्या मार्करने तारीख घाला. स्टिकर नको, गळून पडतो आणि पंख्यात जातो. पुढच्या खेपेला येणाऱ्या माणसाला कागद शोधत बसावा लागणार नाही. आणि तो माणूस बहुतेक वेळा तुम्हीच असता.